अर्जदाराचा प्रतिसाद नाही

४ जानेवारी

चि. बंड्यास,

ताईचे भरभरून आशीर्वाद. चाळिशी ओलांडलेल्या, सरकारी खुर्चीत बसणाऱ्या माणसाला बंड्या म्हणू नये असं तुझी बायको मागे म्हणाली होती. पण माझ्या जिभेवर दुसरं नाव येत नाही, त्याला मी काय करू?

कारखाना बंद होऊन सात महिने झाले. एकोणीस वर्षं चार नंबरच्या प्रेसवर डब्यांची झाकणं काढली, दोन्ही कान तिथेच ठेवून आले, आणि शेवटच्या दिवशी हातात काय, तर ‘वर्तणूक चांगली’ असा शिक्का मारलेला कागद. असो. रडगाणं गायला पत्र लिहीत नाहीये. मी आणि चिमणी मिळून स्वतःचं काम सुरू करतोय! चिमणी म्हणजे माझ्या शेजारच्या प्रेसवरची. आई गेली तेव्हा घरभर सगळ्यांना चहा देत फिरत होती ना, एवढीशी, ती.

जागा मिळालीय. बंद पडलेल्या छापखान्याची मागची खोली, भिंतीवर अजून शाईचे हात उमटलेत. मालक म्हातारा सज्जन आहे, जूनअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. चार नंबरची प्रेस भंगारवाल्याच्या आवारात उभी आहे, तोही तोवर तिला हात लावणार नाही. झाकणं घेणारा तयार आहे. अडलंय ते परवान्यात. एकूण एक्केचाळीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या. सगळ्यात वरताण म्हणजे आवाजाचा दाखला. मशीन चालू करून आवाज मोजायचा. मशीन चालायला वीज हवी. वीजवाला म्हणतो, आधी आवाजाचा दाखला आणा. वर तो आवाजवाला मला म्हणाला, “बाई, तुम्हाला आवाजाचा त्रास होईल.” मी म्हटलं, “साहेब, मला व्हायचा तो होऊन गेला.” बराच वेळ त्याला कळलंच नाही.

मला घाई आहे, ती का ते सांगते. पुलापलीकडच्या पत्र्याच्या कारखान्यात बायका घेतायत. तिथे प्रेसची हात वाचवणारी जाळी काढून ठेवतात, का तर जाळीनं हात हळू चालतो. चिमणीला तिथून दोनदा बोलावणं आलं. घरात ती एकटी कमावणारी. मी तिला शपथ घातलीय, जूनपर्यंत थांब, आपल्या खोलीत पहिलं काम जाळीचं करू. ती थांबलीय. पण भुकेल्या माणसाला शपथ किती दिवस पुरते?

तू तिथेच बसतोस, वरच्या ऑफिसात. जरा बघ.

तुझी ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आवाजाच्या दाखल्याची गोष्ट मी साहेबांना वाचून दाखवली. तुझं नाव सांगितलं नाही. साहेब आधी हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, “हेच तर बंद करायचंय.”

आता बातमी ऐक. या महिन्यापासून आमच्याकडे ‘उद्योग सुलभीकरण कक्ष’ निघालाय आणि त्यात मला घेतलंय. एक्केचाळीस पायऱ्या विसाच्या आत आणायच्या. कुठली पायरी फालतू, कुठल्या पायरीला किती दिवस जातात, हे शोधायचं काम माझ्याकडे. बावीस वर्षं मी फाइलींना दोऱ्या बांधल्या, ताई. सोडायचं काम पहिल्यांदा मिळालं.

तुझी फाइल मात्र मी पुढे ढकलणार नाही. रागावू नकोस. बहिणीची फाइल हलवली असं कुणी म्हटलं तर इतकी वर्षं राखलेली अब्रू एका दिवसात जाईल. पण रस्ताच सरळ झाला तर तूही त्यावरूनच जाशील, नाही का?

बायको म्हणत होती, एवढं लिहीत काय बसता, फोन करा. मी म्हटलं, ताईला फोन म्हणजे भिंतीशी बोलणं. तर ती ओशाळली. तुला नमस्कार सांगतेय.

तुझा,
बंड्या


१० फेब्रुवारी

चि. बंड्यास आशीर्वाद.

वा रे वा! आमचा बंड्या दोऱ्या सोडणार. लहानपणी बुटाची नाडी सोडता येत नव्हती म्हणून बूट घालून झोपायचास, आठवतं का? सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, तू ते तीनवर आण म्हणजे झालं. आणि फाइल ढकलू नकोस, बरोबर आहे तुझं. मला रांगेत मधे घुसून काही नकोय.

काल अर्ज पुन्हा भरला, नव्या नमुन्यात. खिडकीवर एक मुलगी बसते, स्वच्छ बोलते, तिचे ओठ मला वाचता येतात. आधीचा कारकून मिशाळ होता, त्याचं निम्मं मिशीतच राहायचं. फॉर्मात फोन नंबराचा रकाना होता, तो मी सोडला. मुलगी म्हणाली, रकाना रिकामा चालत नाही. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. ती म्हणाली, तसं लिहायला जागा नाही. मग दिला घरचा नंबर. आईच्या नावावरचा तो फोन अजून मेजावर आहे, तिनं विणलेलं झाकण घालून ठेवलाय. आई गेली तेव्हा बंद करायला गेले होते. ज्याच्या नावावर फोन, त्याची स्वतःची सही लागते म्हणाले! आता कुठून आणू? राहिला तसाच.

बाकी एक सांगते, तुमच्या ऑफिसला सगळे शिव्या देतात, मी एका गोष्टीसाठी नाही देत. काही कमी पडलं की घरी पत्र येतं. ‘जागेचा नकाशा दोन प्रतींत द्यावा.’ ‘मालकाची संमती जोडावी.’ पोस्टमन दारातून आत टाकतो, मी वाचते, करते, नेऊन देते. अकरा पत्रं झाली, सगळी भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवलीत. चिमणी म्हणते, ताई, हे तुमचे प्रेमपत्रांचे दिवस चाललेत.

मालक जूनचंच म्हणतोय. चिमणी अजून थांबलीय.

तुझी ताई


२ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

उभ्याउभ्या लिहितोय, पण लिहिल्याशिवाय राहवेना. एक्केचाळीसच्या सतरा झाल्या! आज तक्ता मंजूर झाला. तुझा आवाजाचा दाखला गेला, आता मशीन बसल्यावर बघतील. आणि एक पायरी तर मी एकट्यानं उडवली, एका फटक्यात चौदा दिवस वाचले. सगळ्या कक्षासमोर साहेबांनी पाठ थोपटली. कुठली ते भेटल्यावर सांगेन, अजून छापून आलेलं नाही.

एक एप्रिलपासून लागू. जुने अर्ज आपोआप नव्या पद्धतीत येणार, म्हणजे तुझाही. आता तुला एकदाही खेपा घालायच्या नाहीत. खिडकीवर जाऊ नकोस, रांगेत उभी राहू नकोस, घरी बस. काही लागलंच तर सरकार तुझ्याकडे येईल. हे वाक्य माझंच आहे, माहितीपत्रकात घेतलंय.

चिमणीला सांग, जाळीचं माप काढून ठेव.

तुझा बंड्या


२८ एप्रिल

चि. बंड्यास आशीर्वाद.

तुझं पत्र चिमणीला वाचून दाखवलं तर तिनं मला उचलायचा प्रयत्न केला. दोघी पडलो असतो.

तेव्हापासून घरी बसलेय, तू सांगितलंस तशी. खोलीला चुना मारला. शाईचे हात काही जाईनात, राहू दिले. जमिनीवर खडूनं चौकोन आखलाय, इथे चार नंबर, इथे टेबल, इथे पत्रा. चिमणी त्या चौकोनासमोर स्टुलावर बसून नुसतीच पाय दाबून बघते, पेडल असल्यासारखी. जाळी मी घरीच केली, मेजावर, कानस घेऊन. हात आत असला की प्रेस खालीच येणार नाही अशी.

पण एप्रिलात एकही कागद आला नाही रे. आधी आठवड्याला एक यायचा. पोस्टमन परवा आपण होऊन थांबला आणि हातानं ‘काही नाही’ अशी खूण करून गेला. चिमणीनं काल पुलापलीकडच्या कारखान्याची वेळ कितीची असते ते मला सहज विचारलंन. सहज कसलं, मला कळत नाही का? एकदा खिडकीवर जाऊन येऊ का?

ताई


९ मे

ती. ताईस सा. न.

कागद आला नाही हीच चांगली खूण आहे. त्रुटी नसली की विचारायचं काय? उगाच जाऊन उभी राहू नकोस, गर्दी आहे, तुला पुकारा ऐकू येणार नाही आणि मनस्ताप होईल. आमच्याकडे शंभरातले चौऱ्याण्णव अर्ज महिन्यात निकाली निघतायत. बाहेरून लोक बघायला येतात. पुढच्या आठवड्यात मला त्यावर भाषण करायचंय, सदरा शिवायला टाकलाय.

चिमणीला म्हणावं, पंधरा दिवस कळ काढ.

बंड्या


३ जून

बंड्या,

आज जाऊन आले. तू नको म्हणाला होतास, पण पंधराचे पंचवीस दिवस झाले.

मुलीनं रजिस्टर काढलं, माझी ओळ शोधली आणि वही माझ्याकडे फिरवली. तिथे लिहिलंय, ‘अर्जदाराशी तीन वेळा दूरध्वनीवरून संपर्क साधला. अर्जदाराचा प्रतिसाद नाही. अर्ज निकाली.’ वेळाही आहेत. बारा एप्रिल, अकरा दहा. सोळा एप्रिल, तीन चाळीस. एकोणीस एप्रिल, अकरा पाच.

एकोणीस एप्रिलला मी कुठे होते ते मला पक्कं आठवतं. आदल्या दिवशी जाळीची तार आणली होती. मी मेजाशी बसून जाळीच्या कडा घासत होते. जागा हवी म्हणून फोन मीच थोडा बाजूला सरकवला होता. माझ्या कोपराशी होता, बंड्या. मेज थरथरलं असेल, पण कानस चालवत होते, मेज तसंही थरथरत होतं.

मुलीला विचारलं, काय विचारायला केला होता फोन? तिनं पान उलटून दाखवलं. खोलीच्या दाराची रुंदी किती. एवढंच. साडेचार फूट, मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितली असती. मी तिथेच सांगितली. ती म्हणाली, आता उपयोग नाही, निकाली निघालाय, नव्यानं अर्ज करा. मी म्हटलं, दर वेळी पत्र यायचं, या वेळी का नाही आलं? ती म्हणाली, पत्र बंद झालं, वरून आलंय तसं.

चिमणी एकवीस मेपासून पुलापलीकडे जाते. मला न सांगता. मला परवा कळलं, तिच्या बाहीला तेल दिसलं म्हणून. माझी शपथ मोडली म्हणून ती रडत होती. थांब म्हणायला माझ्याकडे उरलंय काय?

तू तिथे आहेस, तर एक शोधून सांग. पत्र कुणी बंद केलं? मला त्याला एकदा भेटायचंय. भांडणार नाही. फक्त विचारायचंय की बाबा, तुझ्या घरात कुणी बहिरं नाही का?

ताई


१४ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचल्यापासून धावपळ केली. अब्रूबिब्रू बाजूला ठेवून साहेबांकडे गेलो, माझी बहीण आहे म्हणून सांगितलं. विशेष बाब म्हणून अर्ज पुन्हा उघडलाय. सहीशिक्क्याचं पत्र सोबत आहे. दाराची रुंदी मी स्वतः भरलीय. मालकाला हे दाखव, जूनअखेर अजून हातात आहे. चिमणीला लगेच तिथून काढ.

पत्रं कुणी बंद केली ते शोधून आता काय मिळणार, ताई? असे निर्णय समितीचे असतात. कुणा एकाचे नसतात.

बंड्या


२२ जून

बंड्या,

चिमणीचा हात गेला. सतरा तारखेला, सकाळच्या पाळीत. उजव्या हाताची चारही बोटं. अंगठा राहिलाय. जाळी नव्हतीच. दवाखान्यात मला बघितल्यावर पहिलं काय म्हणाली माहितेय? “ताई, रागावू नका.” ओठ वाचता येत नसते तर बरं झालं असतं असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

तुझं पत्र अठराला आलं. बैल गेला आणि झोपा केला.

तरी मी गेले. ते घेऊन खिडकीवर गेले, कारण चिमणीच म्हणाली जा. मुलीनं वाचलं, पत्र बरोबर आहे म्हणाली. मग म्हणाली, दोन्ही अर्जदारांच्या सह्या लागतील, पहिल्या अर्जाशी जुळणाऱ्या. मी सांगितलं काय झालं ते. तिनं दुसऱ्या खोलीत जाऊन विचारलं. परत येऊन म्हणाली, सही का बदलली याचं प्रतिज्ञापत्र लागेल, डॉक्टरच्या दाखल्यासकट. मुलगी वाईट नाही. सांगताना तिचे ओठ असे थरथरत होते की मला वाचता येईनात, तेव्हा तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं. बघ, लिहून देता येतं.

मालकानं वाट बघितली, मग माझ्या डोळ्यांकडे बघून मान खाली घातली. एक तारखेपासून खोली दुसऱ्याला जाणार. प्रेसचं मी विचारलंच नाही.

समितीचा निर्णय म्हणालास. समितीच्या हातात पेन्सिल नसते, बंड्या. पेन्सिल एका माणसाच्या हातात असते. कोण तो?

ताई


१ जुलै

ताई,

मी.

ती ओळ मी खोडली. सत्ताविसावी पायरी, ‘त्रुटी असल्यास अर्जदारास पोस्टाने कळवणे, मुदत चौदा दिवस.’ लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि वर माझ्या अक्षरात लिहिलं, ‘दूरध्वनी करावा, तीनदा उत्तर न आल्यास अर्ज निकाली काढावा.’ कुणीतरी विचारलंसुद्धा, ज्याच्याकडे फोन नसेल त्याचं काय. मी म्हटलं, आता रकाना सक्तीचा केलाय, फोन नसलेला अर्जच येणार नाही. सगळे हसले. तेही माझंच.

ते दोन मार्चला झालं. साडेबाराला तक्ता मंजूर झाला, अडीचला मी तुला पत्र लिहिलं, कारण तुला फोन करता येत नाही. स्वतः खाली जाऊन पेटीत टाकलं. त्या दोन तासांत तू एकदाही माझ्या मनात आली नाहीस असं नाही, सारखी होतीस. तुला किती आनंद होईल तेच मनात होतं. पण ती रेघ मारताना तू आठवली नाहीस. हे मला कुणी समजावून सांगेल का? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मी शाळेत घोकलं होतं.

तीन जूनचं तुझं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी समितीमागे लपलो. घाबरलो, ताई.

काल साहेबांना म्हटलं, पत्राची पायरी परत घालू. ते म्हणाले, “सतरा म्हणून सगळीकडे छापून झालंय. अठरा कशा करू?” आणि मग म्हणाले, “तुमच्या बहिणीचं केलं ना आपण?”

तिसऱ्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. तुझ्या पायावर डोकं ठेवायचंय. दार नुसतं लोटून ठेव, बेल तुला कळणार नाही.

बंड्या


९ जुलै

बंड्या,

रविवारी येऊ नकोस. डोकं माझ्या पायावर ठेवून तुझं डोकं हलकं होईल, बाकी काही होणार नाही.

रागावलेय का? हो. खूप. तीन दिवस तुझं पत्र खिळ्यालाही टोचलं नाही, उशीखाली ठेवलं, आणि रोज सकाळी वाचून पुन्हा ठेवलं. तुला मीच नाडी सोडायला शिकवली होती रे. पण तू माझा भाऊ आहेस, तुझ्यावर रागावून मी जाणार कुठे? माझं आणि तुझं आपण बघू कधीतरी. म्हातारपण पडलंय पुढे.

चिमणीचं तसं नाही. ती तुझी कुणी नाही. दवाखान्यातून सोडल्यापासून ती माझ्याकडेच आहे, तिच्या घरी तिचं करणारं कुणी नाही. जाळी मी माळ्यावर टाकली, तिनं ती खाली काढून खिडकीत ठेवलीय. का ते मी विचारलं नाही. तिला अजून वाटतं की एप्रिलातलं सरकारी पत्र पोस्टात हरवलं. मी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. ते माझं काम नाही.

तेव्हा आता मला पत्र नको. फोन कर. नंबर तोच, आईच्या नावावरचा. रोज अकराला चिमणी मेजापाशी बसलेली असते, ती उचलेल. डाव्या हातानं उचलते, अजून सवय नाही, तेव्हा जरा जास्त वाजू दे. तीन घंट्यांत ठेवून देऊ नकोस. मला लिहिलंस ते सगळं तिला सांग, पेन्सिलीसकट, सगळे हसले तेही.

मी तिच्या समोरच बसलेली असेन. तू काय बोलतोस ते मला ऐकू येणार नाही. पण तिचं तोंड मला दिसेल.

ताई